सापीण

आयाळीला कात्री लावायची नसते, अब्बा म्हणायचे.
कात्रीनं केस कुंच्यासारखे उभे राहतात
आणि घोडा पोलिसातला दिसतो.
फेरी मारून आणायचा, अंग ऊन असताना
चार केस अंगठ्याला गुंडाळून हिसका द्यायचा.
चारच.
पाचवा घेतलास तर तो सांगेल तुला,
लाथेनं.

मी शिकले ते असं.
मिरज स्टेशनवरचे टांगे उठले तेव्हा
आमच्याकडच्या तीन खुंट्या रिकाम्या झाल्या,
चौथीला कापूर राहिला, वरातीपुरता.
पांढरा. म्हणजे लांबून पांढरा.
जवळून कानांमागं पिवळट, आणि मानेवर हळदीचे डाग
कुणाकुणाच्या हातांचे.

पहाटे खरारा. आधी उलटा, मग सुलटा.
कपाळावरची झुलपं बोटांनीच मोकळी करायची,
कंगवा दिसला की तो मान फेकतो.
झुलपं लांबच बरी:
माश्या हाकलतात,
आणि बँडवाल्यांचे दिवे त्याला निम्मेच दिसतात.

शेपूट शेवटी. मागं नाही, कुशीला टेकून उभं राहायचं.
गाठी तेलानं सोडवायच्या, ओढून नाही.
खालचं टोक छाटलं की
सतारवाल्यांच्या गल्लीतून इलाहीचाचा येतात,
एकेक केस उन्हात धरून बघतात.
"घोडीचा नको बाई, मुतानं खराब होतो,
गजाला चालत नाही."
दर वेळी सांगतात. दर वेळी कापूर
त्यांच्या टोपीचा वास घेतो.

डाव्या बाजूच्या आयाळीला मात्र मी हिसका देत नाही.
तिथं, खांद्यापासून वीतभर वर,
केसांचा एक भोवरा आहे,
लांबट, टोकाला वळलेला.
सापीण.
अकलूजच्या बाजारात अब्बांना हा निम्म्या पैशांत मिळाला
तो तिच्यामुळं.
गळ्याला देवमण आहे, चांगला ठसठशीत,
पण सापीण दिसल्यावर देवमण कोण बघतो?
विकणाऱ्यानंच जाताना कानात सांगितलं,
ओली करून डावीकडं पाडत जा,
महिन्याभरात वळण लागतं.

अकरा वर्षं झाली वळण लागून.
किती नवरे बसले त्या सापणीवर!
कुणाला जुळं झालं, कुणी बायकोचा मार खातो,
कुपवाडच्या एकाचं दुकान जळालं.
त्यानं वायरमनला शिव्या दिल्या,
वास्तुवाल्याला बोलावलं.
घोड्याचं नाव त्याला सुचलंच नाही.

मागच्या वैशाखात म्हैसाळची वरात.
नवऱ्याचा आजा, पागोटं जुनं, काठी नवी,
गोंडे बघतो म्हणत जवळ आला
आणि त्याची बोटं आयाळीत शिरून
सरळ तिथंच गेली.
थांबली.
मी लगाम इतका आवळला की कापूरनं तोंड उघडलं.
ताशा चालू होता, वर नवरा मोबाईलमध्ये.
म्हातारा माझ्याकडं बघत राहिला.
मग केस परत सारखे केले, दोनदा थोपटले,
आणि हळूच म्हणाला,
"डावीकडं एक गोंडा जास्त लाव, पोरी."

आता आषाढ सरत आला. मुहूर्त संपले.
कार्तिकापर्यंत आमचं दार कोण वाजवणार?
आयाळीखाली घाम मुरून कापूरला खाज सुटलीय,
भिंतीला मान घासून घासून चुना पाडलाय.
मी कात्री काढते.
अब्बा खाटेवरून बघतात,
हात थरथरतो म्हणून तो पायजम्यावर दाबून धरतात,
बोलत काही नाहीत.
कुंचा झाला तर होऊ दे.
पोलिसातला दिसला तर दिसू दे,
दोन-चार महिने.

शिराळ्याला नागाची गर्दी होईल त्या दिवशी
आमचीही उघड्यावर असेल,
श्रावणातल्या कोवळ्या उन्हात, मानेवर, शेपटी वळवून.
माशी बसली की कापूर कातडं थरथरवतो
आणि ती सरकल्यासारखी दिसते.
मी तिच्यावरून ओला हात फिरवते, केसांच्या बाजूनं.
दिवाळीपर्यंत चार बोटं वाढेल.
तेवढी पुरते.